प्रश्न उद्भवत नाही

डिसेंबरात आमच्याकडे संध्याकाळ लवकर गार पडते. सहाच्या सुमारास शिपाई दाराला कडी घालायला उठायचा आणि नेमकं तेव्हाच फॅक्सचं यंत्र कुरकुरायला लागायचं. कागद पुरता बाहेर यायच्या आत कुणीतरी मान वाकडी करून वाचायचं आणि म्हणायचं, "एलएक्यू." म्हणजे विधानसभेत आमदाराने टाकलेला प्रश्न. झालं. कडी तशीच राहायची. मी घरी फोन करायचो, भरीत झाकून ठेव, तू जेवून घे.

खान्देशातल्या एका जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात मी लिपिक होतो. जळगाव, धुळे की नंदुरबार ते सांगत नाही. सांगितलं की उद्या कुणीतरी नावं शोधत बसेल, आणि त्यातले बरेच जण भली माणसं होती. नोकरीची निम्मी वर्षं अधिवेशनाचं टेबल माझ्याकडे होतं. आमदाराने आरोग्यावर प्रश्न टाकला आणि त्यात आमच्या जिल्ह्याचं नाव आलं, की उत्तराची पहिली ओळ माझ्या टेबलावर लिहिली जायची.

मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, असं राज्यघटनेत लिहिलेलं आहे. त्यामुळे प्रश्न मंत्र्याला विचारतात हे खरंच. पण मंत्र्याला कुठून ठाऊक असणार, सातपुड्याच्या पायथ्याच्या केंद्रात काय आहे आणि काय नाही ते? मग प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडे, तिथून संचालनालयात, तिथून नाशिकला उपसंचालकांकडे, तिथून आमच्या डीएचओ साहेबांकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे उतरायचा. साहेब म्हणायचे, "भाऊसाहेब, बघा जरा." वाटेत प्रत्येक ठिकाणी त्यावर एक शेरा चढायचा, 'आजच्या आज'. चार शेरे घेऊन माझ्या हातात आला तेव्हा 'आज' संपायला तास-दीड तास उरलेला असायचा.

प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक तालुक्यातील अमुक आरोग्य केंद्रात अमुक झाल्याचे माहे ऑगस्टमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांचेही साचे तीनच. 'हे खरे आहे', जे मी फार क्वचित लिहिलं. 'हे अंशतः खरे आहे', ज्याच्यासाठी साहेबांची समजूत काढावी लागायची. आणि तिसरं, सगळ्यांचं लाडकं, 'हे खरे नाही'. हे एकदा पहिल्या भागात बसलं की पुढचे तीन भाग आपोआप गळून पडतात. त्यांच्यापुढे एकच ओळ येते, 'प्रश्न उद्भवत नाही.' चौकशी नाही, कार्यवाही नाही, विलंबाची कारणंही नाहीत. नव्याने आलेल्या पोरांना मी हे शिकवायचो, ते चांगलं अक्षर शिकवावं तसं.

उत्तर एका ओळीचं असलं, तरी त्याच्यासोबत पूरक टिप्पणी जोडावी लागते. ही गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, मग सदस्य उठून उपप्रश्न विचारतात. कोण काय विचारील याचा नेम नाही. म्हणून मंत्र्यांच्या हाताशी सगळी माहिती हवी. मंजूर पदं किती, भरलेली किती, लोकसंख्या किती, गेल्या तीन वर्षांत बाळंतपणं किती, रुग्णवाहिका चालू का बंद. कुणीच न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आम्ही रात्री अकरापर्यंत टाइप करायचो. एका ओळीच्या 'खरे नाही'मागे आठ-दहा पानं असायची. खरं बोलायचं झालं, तर खरं त्या पानांत असायचं.

पंधराएक वर्षांपूर्वीचा एक प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. निंदणीला गेलेल्या एका पावरा बाईला साप चावला. घरच्यांनी तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून आरोग्य केंद्रात आणलं, तिथून पुढे पाठवलं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायच्या आत ती गेली. पेपरात चार ओळी आल्या. त्या चार ओळींवरून प्रश्न झाला, 'सर्पदंश प्रतिबंधक लस उपलब्ध नसल्यामुळे एका महिलेचा मृत्यू झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?' (लस म्हणायचं ते कागदावर. ते असतं प्रतिविष, आणि लोक म्हणतात सापाचं इंजेक्शन.)

मी केंद्राच्या फार्मासिस्टला फोन लावला. म्हटलं, त्या तारखेला साठा नोंदवहीत किती दिसतात?

"चार वायल."

"म्हणजे होती."

फोनवर थोडा वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, "होती ना भाऊसाहेब. पण चारानं काय होतं? सुरुवातच आठ-दहानं करावी लागते. आणि डॉक्टर कुठे होते? एक जागा रिकामी, दुसरे ट्रेनिंगला."

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. दहा मिलीच्या कुप्या असतात, आणि विष भिनल्याची लक्षणं दिसली की पहिल्या मात्रेलाच आठ ते दहा कुप्या लागतात. हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांना आधीपासून माहीत होतं, ते डॉक्टरच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. प्रश्न काय आहे? लस उपलब्ध नव्हती हे खरे आहे काय. नोंदवहीत काय आहे? चार. मग उपलब्ध नव्हती हे खरे आहे का? नाही.

मी लिहिलं, 'हे खरे नाही. सदर केंद्रात लस उपलब्ध होती.' खाली दोन, तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही.

ते वाक्य कुठल्याही कोर्टात टिकलं असतं. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

एवढं मात्र केलं, की पूरक टिप्पणीत सहाव्या पानावर, पदांच्या तक्त्याच्या खाली, एक ओळ घातली. 'घटनेच्या दिवशी उपलब्ध साठा ४ कुप्या. प्रारंभिक मात्रा ८ ते १० कुप्या. वैद्यकीय अधिकारी उपस्थित नव्हते.' साहेबांनी ती वाचली, पेनाचं टोपण दोनदा उघडलं-मिटलं आणि सही केली. काटली नाही. तेवढ्यासाठी त्या माणसाला मी अजून मानतो. नागपुरात कुणी आमदार उठून नुसतं 'किती होत्या?' एवढं विचारेल, आणि मंत्र्यांना सहावं पान उलटावं लागेल, असं मी मनात चित्र रंगवलं होतं. त्या रात्री झोपताना मला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

प्रश्नाचा क्रमांक होता चाळिसाच्या पुढचा. प्रश्नोत्तराचा तास तासाचाच असतो. त्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे प्रश्न होतात. एखादा गाजला, तर तेवढेही नाही. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं छापील यादीत पटलावर ठेवली जातात. आमचं उत्तर पटलावर गेलं. उपप्रश्न आलाच नाही. सहावं पान कुणी उलटलं नाही.

गंमत पुढे आहे. गंमत कसली, पण दुसरा शब्द सुचत नाही. प्रश्नाचा फॅक्स आला त्याच्या पाचव्या दिवशी, म्हणजे उत्तर पटलावर जायच्याही आधी, जिल्ह्याच्या भांडारातून त्या केंद्राला वीस कुप्या रवाना झाल्या. आसपासच्या केंद्रांनाही. ट्रेनिंगला गेलेले डॉक्टर परत आले, रिकाम्या जागेवर दुसरीकडून एकाला प्रतिनियुक्तीवर आणलं, भिंतींना चुना लागला. सभागृहात जो प्रश्न उद्भवलाच नव्हता, त्याच्यासाठी इकडे जीप भरून औषध गेलं. अधिवेशन संपलं आणि प्रतिनियुक्तीवरचे डॉक्टर महिन्याभरात मूळ जागी गेले. कुप्या राहिल्या.

म्हणून अधिवेशन म्हणजे नुसता तमाशा, असं कुणी म्हटलं की मला राग येतो, आणि अधिवेशनात प्रश्न सुटतात असं कुणी म्हटलं की हसू येतं.

रिटायर झाल्यावर कामकाज मी मोबाइलवर बघतो. आमच्या गल्लीतले जिभाऊ शेजारी येऊन बसतात. वय ऐंशीच्या घरात, मोतीबिंदू झालेला, त्यामुळे ते नुसतं ऐकतात, आणि आमदाराला मार्क देतात ते आवाजावर. कुणी तावातावाने बोललं की म्हणतात, "भारी बोलना!" परवा असंच कुणी रिकाम्या पदांवर बोलत होतं. जिभाऊंनी विचारलं, "मंग काय म्हने मंत्री?"

म्हटलं, चौकशी करतो म्हणाले.

"चौकशी ते मी बी करस रोज."

आणि करतातही. गोळ्या आल्या का, म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीशी रोज जाऊन येतात.

पैशाचा भाग मला नोकरीत असताना कधी नीट कळला नाही. आता थोडाफार कळतो, वेळ आहे म्हणून. माझ्या काळात पैसा म्हणजे मार्च. वर्षभर 'निधी बीडीएसवर (निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) आलेला नाही' हे वाक्य, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अचानक आलेला निधी, जो एकतीस तारखेच्या आत खर्ची पडला नाही तर परत जाणार. एका वर्षी एका केंद्राची रुग्णवाहिका डिझेलवाचून दोन महिने उभी होती. पंपवाला उधार देईना. आणि आमच्याकडे पैसे आले ते 'कार्यालयीन खर्च' या शीर्षाखाली. 'पेट्रोल, तेल, वंगण' हे शीर्ष वेगळं, त्यात शिल्लक शून्य. या खिशातलं त्या खिशात घालायला मंत्रालयाची परवानगी लागते, आणि तारीख अठ्ठावीस. आम्ही लोखंडी कपाटं घेतली. पुढच्या अधिवेशनात प्रश्न, 'आरोग्य विभागाचा निधी अखर्चित राहिल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?' मी लिहिलं, 'हे खरे नाही. प्राप्त निधी १०० टक्के खर्च झाला आहे.' कपाटं अजून असतील. चांगली जाड पत्र्याची होती.

हे मी हसत सांगतोय, पण वरच्या पातळीवरही तेच आहे, फक्त शून्यं जास्त. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची धरलेली. मार्चमध्ये तो मांडला, आणि ३० जूनला पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावरचा जादा खर्च, आल्या. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत ९४,८८९ कोटींच्या आल्या होत्या. घरात बायकोने महिन्याचं सामान भरल्यावर आठव्या दिवशी पुन्हा पिशवी पुढे केली, तर आपण विचारतो की नाही, आधी काय विसरली होतीस? सभागृहात विचारतात, नाही असं नाही. अर्थसंकल्पावर तासन्‌तास तयारी करून आलेले, मागणीचं पान आणि लेखाशीर्ष सांगून बोलणारे आमदार मी ऐकलेत, सगळ्या पक्षांत आहेत. पण त्यांच्या वेळी बाकं रिकामी असतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो पायऱ्यांवर घोषणा देणाऱ्यांचा असतो. चर्चेची वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. त्याला सभागृहात गिलोटिन म्हणतात. मान एकदम उडते, म्हणून.

अर्थसंकल्पात सार्वजनिक आरोग्याच्या खर्चाची मागणी आर-१. वैद्यकीय शिक्षणाची एस-१. ही दोन अक्षरं मला पाठ, कारण आमच्याकडच्या निम्म्या गोंधळाचं मूळ त्यातच आहे. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यानंतर दोनेक वर्षांनी नंदुरबारला. आनंदाचीच गोष्ट. धुळ्याला ते आधीपासून होतं. पण महाविद्यालय आलं की जिल्हा रुग्णालय त्याच्याकडे जातं, म्हणजे आर मधून एस मध्ये. आपण त्याला सिव्हिलच म्हणतो. इमारत तीच, रांग तीच, खिडकीही तीच. मंत्री बदलला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरपासून सगळं मोफत झालं, ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरतं. जिभाऊ ग्रामीण रुग्णालयात फुकट तपासून आले, तिथल्या डॉक्टरांनी त्यांना 'सिव्हिलला दाखवा' म्हणून चिठ्ठी दिली, आणि सिव्हिलच्या खिडकीवर केसपेपरचे पैसे मागितले. ते माझ्यावरच भडकले. "तूच ते आरोग्य खातामा व्हता ना?" त्यांना आर आणि एस कसं समजावणार? आमदारांचीही तीच गत होते. आरोग्यमंत्र्यांना विचारावं तर उत्तर येतं, सदर बाब वैद्यकीय शिक्षण विभागाशी संबंधित आहे.

नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याकडे तर एका झोळीचे चार विभाग होतात. बाळंतीण बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणतात, फोटो छापून येतो, दरवर्षी प्रश्न होतो. रस्ता नाही म्हणून झोळी, म्हणजे बांधकाम विभाग. जमीन वनाची, म्हणजे वन विभाग. पैसा आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे आदिवासी विकास. आरोग्य विभागाकडे फक्त बाई उरते. नर्मदेच्या फुगवट्यात तिकडे तरंगता दवाखाना आहे, बोटीतून गावोगाव जातो. त्या बोटीवर औषधं लावणाऱ्या नर्सबाईंच्या हातात मी एकदा माहितीचा तक्ता भरायला दिला होता. त्यांनी तो इंजिनाच्या तेलाने माखून परत दिला, आणि त्यात एकही रकाना रिकामा नव्हता.

मंत्री परके म्हणावेत तर तसंही नाही. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावातून आमदार झाल्या, १९६७ नंतर त्यांच्याकडे उपमंत्री म्हणून सार्वजनिक आरोग्य होतं, आणि १९७९-८० मध्ये त्याच सभागृहात त्या विरोधी पक्षनेत्या होत्या. उत्तर देणारं आणि प्रश्न विचारणारं, दोन्ही बाकं त्यांनी बघितली. वैद्यकीय शिक्षण खातं नंदुरबारच्या डॉ. विजयकुमार गावितांकडे होतं, पुढे जामनेरच्या गिरीश महाजनांकडे. म्हणजे कुणालाही प्रतिविष म्हणजे काय आणि सातपुडा कुठे आहे, हे समजावून सांगायची गरज नव्हती. आपला माणूस खुर्चीत असला म्हणजे काम होतं, असं आपण पारावर बोलतो. माझा अनुभव असा, की खुर्चीत कुणीही असो, त्याच्या हातातला कागद माझ्यासारख्याच कुणी रात्री अकराला टाइप केलेला असतो, आणि तो कागद त्याला वाचवण्यासाठी लिहिलेला असतो.

कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, एक अहवाल मात्र मी पूर्ण वाचायला घेतला आहे. महाराष्ट्राच्या आरोग्य सेवांवरचा, २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाचा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला तो पटलावर आला, अधिवेशनाच्या शेवटी. हे अहवाल बहुधा शेवटीच येतात, गाड्यांची तिकिटं निघालेली असतात तेव्हा. त्यात परिचारिकांच्या ३५ टक्के जागा रिकाम्या असल्याचं आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं, राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून जास्त भाग २०२० पर्यंत आरोग्यावर खर्चावा. आपण त्याच्या पुष्कळ खाली. वाचताना मला सारखं वाटत होतं, हे कुठेतरी वाचलंय. मग लक्षात आलं. ही आमचीच पूरक टिप्पणी आहे. सगळ्या जिल्ह्यांची सहावी पानं कुणीतरी एकत्र बांधली आहेत.

या अहवालावर पुढे आमदारांची लोकलेखा समिती बसते, सचिवांना बोलावून विचारते. तिथे 'खरे आहे काय' असं विचारत नाहीत. किती, कधी, कुणाच्या सहीने, असं विचारतात. बंद दाराआड विचारतात, म्हणून जिभाऊंना ते ऐकू येत नाही.

गेल्या श्रावणात भाच्याकडे गेलो होतो, त्याच रस्त्याला ते आरोग्य केंद्र लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरलो होतो, हे निमित्त झालं. इमारतीला नवा रंग, दारात फरशी, ओट्यावर दोन बाया पोरांना घेऊन बसलेल्या. फार्मासिस्ट नवा होता, तिशीतला. गोळ्या दिल्या त्याने. मी खिडकीशीच उभा राहिलो.

"अजून काही काका?"

"सापाचं इंजेक्शन आहे का इथे?"

तो एकदम सावध झाला. "कुणाला चावलाय?"

"नाही, कुणाला नाही. आहे का?"

"आहे की. उपलब्ध आहे."

उपलब्ध. तोच शब्द, तसाच तोंडातून गुळगुळीत निघालेला. माझ्याच टेबलावरून गेला असावा तसा.

"किती?"

त्याने मला खालून वरपर्यंत बघून घेतलं. पत्रकार असेल, की कुणाचा माणूस, असा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्याने नोंदवही ओढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बावीस."

"वहीत की कपाटात?"

ओट्यावरच्या बाया आता इकडे बघायला लागल्या होत्या. तो काही बोलला नाही. ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि कपाटाकडे गेला. लोखंडी कपाट, जाड पत्र्याचं. दार उघडताना करकरलं. त्याने खालच्या कप्प्यातले खोके टेबलावर आणून ठेवले, पहिल्याचं झाकण उघडलं आणि माझ्यासमोर एक एक कुपी उभी करत मोजायला लागला.